शिक्का एका हाती, दफ्तर अनेक हाती

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गादीचा कारभार ज्या कागदांवर चालला, ते कागद लिहिणारे, तपासणारे, नकलून घेणारे आणि रुमालांत बांधून ठेवणारे हात अनेक होते. परंतु त्या कागदांना आज्ञेचे बळ देणारा शिक्का मोजक्याच हातांत असे. दफ्तर, म्हणजे सरकारी कागदांचा संग्रह आणि तो सांभाळणारी कचेरी, ही स्वभावतःच सामायिक वस्तू होय, कारण ती दहा जणांना उघडता आली नाही तर तिचा उपयोगच उरत नाही. शिक्का मात्र सामायिक करता येत नाही, कारण तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती राज्याचा शब्द पडतो. या दोन वस्तू वेगळ्या ठेवण्यासाठी मराठी राज्यकारभाराने सतराव्या आणि अठराव्या शतकांत जी शिस्त बसवली, तिचा अभ्यास बहुधा मोडी वाचनाच्या किंवा मुद्रांच्या अंगाने होतो. अनेकांनी मिळून लिहायच्या वहीत अधिकाराची किल्ली कोठे ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनही ती शिस्त पाहण्याजोगी आहे, कारण संगणकावर डेटाचे विश्लेषण करणाऱ्या प्रत्येक गटापुढे आज नेमका तोच प्रश्न उभा आहे.

शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाशी परंपरेने जोडला जाणारा कानुजाबता, म्हणजे प्रधानांच्या कामांची वाटणी ठरवणारा नियमलेख, या बाबतीत महत्त्वाचा आहे. राजपत्रे शोधून पाहणे आणि त्यांतील अधिक-उणे अक्षर दुरुस्त करणे हे काम त्यात सचिवाकडे दिलेले आहे, जमाखर्चाची देखरेख अमात्याकडे आहे, आणि पत्रावर शिक्का कोणी करावा व केवळ आपली खूण कोणी करावी, असा भेदही केलेला आहे. शिक्का आणि खूण यांतील हा भेद बारकाईने पाहावा असा आहे. खूण ही ‘हा कागद पाहिला’ याची साक्ष असते. शिक्का ‘ही आज्ञा झाली’ असे सांगतो. एकच कागद अनेकांच्या नजरेखालून जावा, पण त्याला आज्ञेचे रूप देणारी क्रिया एकाच ठिकाणी घडावी, अशी ही रचना होती.

ही शिस्त कोल्हापुरात आली ती पुस्तकी ज्ञान म्हणून नव्हे. शिवाजी महाराजांच्या काळात प्रधानपद भूषवलेले, राजाराम महाराजांनी ‘हुकुमतपनाह’ हा किताब देऊन ज्यांच्या हाती महाराष्ट्रातील कारभार सोपवला, ते रामचंद्रपंत अमात्य पुढे करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीच्या पक्षात होते, आणि राजनीतीवरील ‘आज्ञापत्र’ हा त्यांच्या नावाशी जोडलेला ग्रंथ करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, १७१५च्या सुमारास सिद्ध झाला. त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर राहिली आणि बावडेकर पंत अमात्य हे करवीर राज्याच्या मोठ्या सरदारांत मोडू लागले. रायगडावर बसलेली कागदाची रीत पन्हाळ्यावर पोहोचली ती अशी, ती चालवणाऱ्या माणसांबरोबर.

त्या काळातील एखादे राजपत्र हातात घेतले की ही रीत डोळ्यांना दिसते. हातकागदाचे लांबट ताव खळीने एकाखाली एक चिकटवलेले असतात. बोरूने लिहिलेली मोडी अक्षरे शिरोरेषेला लगटून, शक्यतो लेखणी न उचलता पुढे सरकत जातात. वर ‘श्री’काराजवळ मुख्य मुद्रा असते, आणि मजकूर जेथे संपतो तेथेच, त्या शेवटच्या अक्षराला खेटून, एक लहान शिक्का उमटवलेला असतो. या लहान शिक्क्याला मोर्तब म्हणतात. त्याचे काम मर्यादा घालण्याचे आहे: येथवरचा मजकूर राजाचा, यापुढे कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती राजाची नव्हे. कागद उलटा केला तर तावांच्या जोडांवरही शिक्का दिसतो, कारण जोड सोडवून मधला एखादा ताव बदलला तर जोडावरचा ठसा जुळणार नाही. पाठीवरच ‘बार’ यासारखे शेरे असतात, ज्यांचा अर्थ पत्राची नोंद कचेरीत झाली असा होतो. अशा एका पत्रावर चार निरनिराळी कामे एकमेकांवर नजर ठेवून असतात: कारकुनाचे लेखन, अधिकाऱ्याची तपासणी, शिक्क्याचा अधिकार आणि दफ्तरातील नोंद. यांपैकी कोणतेही एक काम करणाऱ्याला उरलेली तीन एकट्याने उरकता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

यातही सर्वांत उद्बोधक आहे ती तालिकेची, म्हणजे नकलेची पद्धत. इनाम किंवा वतन देणारी सनद ज्याला मिळाली त्याच्याकडे मूळ कागद राहत असे. गावचा मोकदम, परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि सरकारी कामगार यांनी तिची नक्कल करून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे, अशी आज्ञा त्याच पत्राच्या शेवटी लिहिलेली असे. म्हणजे एका सनदेच्या चार-पाच प्रती चार-पाच दफ्तरांत जात. या प्रतींत मूळ मुद्रेच्या जागी मुद्रा उमटवण्याचा प्रश्नच नसे. नक्कल करणारा कारकून तेथे शब्दांनी लिहून ठेवी की या ठिकाणी शिक्का आहे, या ठिकाणी मोर्तब आहे. वाचणाऱ्याला अधिकार कोठून आला, कोणाचा होता आणि मूळ कागदावर त्याची जागा कोणती, हे सगळे कळे. अधिकार मात्र त्या प्रतीबरोबर प्रवास करीत नसे. तालीक चोरीला गेली तरी चोराच्या हाती माहिती लागे, आज्ञा करण्याचे साधन लागत नसे. मराठी कारकुनीने सामायिक लेखनाला दिलेली ही मोठी देणगी मानली पाहिजे, आणि ती इतक्या साध्या कृतीत दडलेली आहे की सनदांच्या वाचनात ती सहज नजरेआड होते.

हेच तत्त्व किल्ल्यांच्या व्यवस्थेत अधिक ठसठशीत रूपात दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून कळते की प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी नेमले जात आणि त्यांनी एकविचाराने कारभार करावा अशी अपेक्षा असे. कोठारातील धान्य आणि दारूगोळा यांचा हिशेब कारखानीस ठेवी. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे असत, हजेरी आणि लेखन सबनिसाकडे. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची अंबरखान्याची प्रचंड कोठारे आजही उभी आहेत, आणि त्यांच्या आकारावरूनच लक्षात येते की धान्याचे माप लिहिणारा आणि कुलूप उघडणारा एकच माणूस असता तर राज्याला केवढा धोका पत्करावा लागला असता. एक माणूस फितला तरी किल्ला जाऊ नये, यासाठी विश्वास तिघांत वाटून ठेवलेला होता. कचेरीतही जमाखर्च लिहिणारा फडणीस आणि रोकड सांभाळणारा पोतनीस हे वेगळे असण्याचे कारण हेच. बँकांच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात, ती रीत याच विचाराची आहे.

शिक्का जपणे जितके महत्त्वाचे तितकेच तो वेळेवर निकामी करणेही महत्त्वाचे, हा धडा कोल्हापूरच्या इतिहासाने फार कष्टाने घेतला. १७०० साली राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर महाराणी ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या, दुसऱ्या शिवाजींच्या, नावाने राज्य चालवले. १७०७मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि पुढच्या वर्षी त्यांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याचा आश्रय घेऊन वेगळी गादी राखली. १७१४मध्ये पन्हाळ्यावरच सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. आणि दोन गाद्यांची सरहद्द १७३१च्या वारणेच्या तहानेच कायम झाली. या पाव शतकात एकाच मुलखात एकाहून अधिक छत्रपतींच्या नावाचे शिक्के चालत होते, आणि वतनदारांना आपल्या हातातील सनद कोणत्या शिक्क्याची, तो शिक्का अजून जिवंत आहे की नाही, याची चिंता वाहावी लागत होती.

या गोंधळातही व्यवस्था सर्वस्वी मोडली नाही, त्याचे एक कारण मुद्रांच्या घडणीतच होते. प्रत्येक छत्रपतीची मुद्रा स्वतःची, नवी असे. आधीच्या राजाची मुद्रा पुढच्याने वापरायची नसे. प्रधानांच्या शिक्क्यांवरही ज्या राजाच्या सेवेत तो प्रधान आहे त्या राजाचे नाव कोरलेले असे, त्यामुळे राजा बदलला की प्रधानाचा शिक्का आपोआप कालबाह्य ठरे. पुण्यात पेशव्यांची सत्ता शिखरावर असतानाही त्यांच्या मुद्रेवर सातारच्या छत्रपतींचे नाव असे आणि पदाची वस्त्रे व शिक्के-कट्यार साताऱ्याहूनच येत. अधिकाराचे साधन व्यक्तीला आणि मुदतीला बांधलेले असणे, ही यातील मर्माची गोष्ट होय. वतनदारही नव्या राजाकडून जुन्या सनदेचे नूतनीकरण करून घेत, कारण गेलेल्या राजाच्या ठशावर किती दिवस विसंबावे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सावकारी पेढ्यांनी हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. हुंडी, म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर दिलेली पैसे देण्याची चिठ्ठी, वाटेत हरवली तर दुसरी चिठ्ठी देत, तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवली तर परपेठ. नवी चिठ्ठी निघाली आणि तिचे पैसे चुकते झाले की आधीची सापडूनही तिची किंमत शून्य. हरवणे ही अपवादात्मक आपत्ती न मानता नेहमी घडणारी गोष्ट मानून तिची तजवीज आधीच करून ठेवण्याचा हा शहाणपणा होता.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि गादीचे दफ्तर इतिहासाच्या अभ्यासकांकडे आले. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित करून छापली, आणि शहरातील पुरालेखागारात रुमाल सोडून मोडी कागद वाचणारे अभ्यासक आजही बसतात. ज्या कागदांनी गावे दिली-घेतली, ते आज कोणालाही पाहता येतात आणि त्यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही. याचे श्रेय केवळ काळाला देता येणार नाही. ते कागद लिहिले जात होते तेव्हाही त्यांच्या गठ्ठ्यात ठसे होते, शिक्का नव्हता. अर्थात ठशावरून बनावट शिक्का कोरणारे लोक त्या काळीही होते, म्हणूनच सनद खरी की खोटी हे ठरवताना दफ्तरातील नोंद शोधावी लागे. एकट्या शिक्क्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, हेही त्या व्यवस्थेला माहीत होते.

संगणकाच्या जगात ही कहाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१ साली अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याची प्रणाली दाखवली आणि तिच्यात प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी पासवर्ड आले. सर्वांचे पासवर्ड एकाच फायलीत उघड्या अक्षरांत होते, आणि १९६२मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याने ती फाईल छापून घेतली. हा दोष दूर करायला वेळ लागला. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीबाबतच्या आपल्या निबंधात पासवर्ड जसाच्या तसा न साठवता गणिती प्रक्रियेने बदललेले, उलट न फिरवता येणारे रूपच साठवण्याची पद्धत मांडली. ही पद्धत पासवर्ड तपासणाऱ्याच्या बाजूला उपयोगी पडते. पासवर्ड सादर करणाऱ्याला मात्र मूळ शब्दच हाताशी लागतो, आणि डेटाबेसकडे माहिती मागणारा प्रोग्रॅम हा सादर करणारा असतो. अवघड प्रश्न उरतो तो येथे.

नोटबुक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी अशी वही, जिच्यात स्पष्टीकरणाचा मजकूर, प्रोग्रॅमच्या ओळी आणि त्या चालवून आलेली उत्तरे, तक्ते व आलेख एकाखाली एक राहतात. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेल्या आयपायथॉन या प्रकल्पातून २०११ साली ब्राउझरमधील नोटबुक निघाले आणि २०१४ पासून ते ज्युपिटर या नावाने वाढले. विचार, कृती आणि परिणाम एकाच पानावर ठेवून ते पान जसेच्या तसे दुसऱ्याला देता येणे, ही त्याची खरी ताकद. संशोधनाला त्यामुळे जो मोकळेपणा आला तो मोलाचा आहे. परंतु डेटाबेसशी जोडणी करणारी ओळ याच पानावर लिहावी लागते. त्या ओळीत डेटाबेसचा प्रकार, वापरकर्त्याचे नाव, अपूर्णविरामाच्या चिन्हानंतर पासवर्ड, मग ‘ॲट’चे चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता असे सारे सलग येते. घाईत लिहिणारा पासवर्ड तेथेच टंकतो, वही सहकाऱ्याला पाठवतो, आणि असल शिक्काच तालिकेला बांधून गावोगाव फिरू लागतो.

शिवाय या वहीची स्मरणशक्ती चांगली असते. नोटबुकच्या फायलीत प्रोग्रॅमच्या ओळींबरोबर त्यांची उत्तरेही साठवलेली असतात, त्यामुळे जोडणीची माहिती एकदा पडद्यावर छापली गेली असेल तर ती ओळ पुसली तरी खालचे उत्तर तसेच राहते. गिटसारख्या प्रणालीत, जी फायलींच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवते, आजच्या आवृत्तीतून काढलेला पासवर्ड कालच्या आवृत्तीत वाचता येतो. उबर या कंपनीच्या बाबतीत २०१६ साली असेच घडले: घुसखोरांना गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील कंपनीच्या खासगी कोडमध्ये साठवण-सेवेची किल्ली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. ते कोडचे भांडार खासगी होते ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण ‘वही आपल्यातच आहे’ हे समाधान अशा वेळी कामास येत नाही.

यावर जे उपाय रूढ झाले, ते करवीरच्या दफ्तरात वावरलेल्या माणसाला परके वाटले नसते. पहिला उपाय तालिकेचाच: वहीत पासवर्डाच्या जागी त्याचे केवळ नाव लिहायचे आणि खरी किंमत प्रत्येकाच्या संगणकावरील परिवेशचलातून, म्हणजे प्रोग्रॅमबाहेर ठेवलेल्या नामांकित नोंदीतून, चालवण्याच्या वेळी घ्यायची. ही नोंद अनेकदा वेगळ्या फायलीत असते आणि गिटने ती उचलू नये अशी सूचना आधीच देऊन ठेवावी लागते. ही सूचना विसरली तर सारा खटाटोप वाया जातो. एकट्याने काम करणाऱ्याला वही चालवताना पासवर्ड विचारून घेणारी आणि तो पडद्यावर न दाखवणारी सोय पुरते. मोठ्या गटासाठी गुपिते सांभाळणारी स्वतंत्र तिजोरी असते, उदाहरणार्थ २०१५ साली आलेले व्हॉल्ट. ती मागणाऱ्याची ओळख पटवून गुपित देते, कोणाला केव्हा दिले याची नोंद ठेवते, आणि काही डेटाबेसांसाठी तर थोड्या वेळाने आपोआप रद्द होणारे नवे नाव व पासवर्ड तयार करून देते. नोंदीत ‘बार’ आहे, मुदतीत राजाच्या नावाचा शिक्का आहे. विश्लेषणासाठी डेटाबेसमध्ये वेगळा, केवळ वाचण्याचा अधिकार असलेला वापरकर्ता करणे म्हणजे शिक्का आणि खूण यांतला कानुजाबत्यातील भेद पाळणे होय, आणि हा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्याला सबब उरत नाही.

तरीही जुन्या आणि नव्या व्यवस्थेत एक फरक आहे आणि तो दडवून चालणार नाही. शिक्क्याचा ठसा पाहून तसाच शिक्का कोरायला कसबी हात, धातू आणि दिवस लागत. पासवर्ड वाचणे म्हणजेच तो पूर्णपणे हस्तगत करणे, त्यात कसब लागत नाही आणि चोरी झाल्याची खूणही मागे राहत नाही. म्हणून पन्हाळ्याच्या हवालदाराला किल्ली हरवल्यावर कुलूप बदलण्यास जेवढी सवड मिळे, तेवढी डेटाबेस सांभाळणाऱ्याला मिळत नाही. सार्वजनिक कोडमध्ये पडलेल्या किल्ल्या शोधणारी स्वयंचलित साधने घुसखोर वापरतात, आणि गिटहबसारख्या सेवाही तशीच साधने किल्ली देणाऱ्या कंपनीला सावध करण्यासाठी वापरतात. जो आधी पोहोचेल त्याचे साधते.

गटांनी गेल्या काही वर्षांत वाटलेल्या वह्यांत असे पासवर्ड पडलेले असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. अशी वही सापडली की ओळ पुसणे आणि फाईल नव्याने पाठवणे हे काम दुय्यम ठरते, कारण जुन्या प्रती कोणाकोणाकडे आहेत हे ठरवता येत नाही. आधी डेटाबेसमध्ये जाऊन तो पासवर्ड रद्द करावा, मग प्रत्येक सदस्याला स्वतःच्या नावाचा वेगळा प्रवेश द्यावा, आणि जुन्या नावाने मधल्या काळात कोणी काय वाचले हे नोंदींत तपासावे. भारतात सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात, त्यामुळे ही तपासणी निदान तेवढ्या काळापुरती करता येते. वहीतील जुनी ओळ त्यानंतर जागेवर राहिली तरी ती गेलेल्या राजाच्या शिक्क्याइतकीच निरुपद्रवी असते.